लेमा तीन-दोन आणि यवतमाळचे तीन दिवस

यवतमाळला कोणी मुद्दाम जात नाही, असं मला निघण्यापूर्वी कोल्हापुरात तिघांनी सांगितलं. तिघांपैकी एकानेही यवतमाळ पाहिलेलं नव्हतं. मी मात्र मुद्दामच निघाले होते. तिथल्या एका कॉलेजात गणितातल्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती आणि मी बाहेरची परीक्षक होते. प्रबंध चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता. तो वाचून 'पदवीस पात्र' असा अहवाल मी पाठवूनही दिला होता. आता उरला होता तो उपचार: चार प्रश्न, टाळ्या आणि जेवण. तीसेक वर्षं शिकवल्यावर माणसाला असे उपचार आवडू लागतात, कारण त्यात डोकं लागत नाही.

यवतमाळ, सोमवार

रेल्वेतलं काही सांगण्यासारखं नाही. धामणगावला उतरले आणि यवतमाळच्या एसटीत बसले, तिथून प्रवास सुरू झाला असं धरते. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापूस. डिसेंबरचे दिवस, पहिली वेचणी होऊन गेलेली, तरी झाडांवर पांढरं शिल्लक होतं. आमच्याकडे ऊस उभा असला की शेजारचं गाव दिसत नाही. इथे तीन गावं एकदम दिसतात आणि त्यांच्यामागे सागाच्या टेकड्या. एवढं मोकळं पाहायची सवय नसल्यामुळे मला पहिला तासभर उगाच काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं.

कॉलेजच्या अतिथिगृहात उमेदवाराचे मार्गदर्शक भेटले. तिथे सगळे त्यांना 'गाइड सर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. साठीच्या आतबाहेरचे, हसतमुख, आणि व्यवस्थेच्या बाबतीत एकदम कडक. कोल्हापूरचा पाहुणा म्हणून त्यांनी माझ्यासाठी गूळ आणून ठेवला होता. मी कोल्हापुरात साखरेचा चहा पिते, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

"मॅडम, परीक्षा परवा," ते म्हणाले. "उद्या तुमी मोकळ्याच हाय. ज्योतीच्या माहेरी दारव्ह्याजवळ वावरात रोडगे ठेवले आहेत. नाई म्हणाचं नाई."

ज्योती म्हणजे उमेदवार. दारव्ह्याच्या एका कॉलेजात आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर नोकरी आहे, नाहीतर नाही. पुढच्या महिन्यात तिथल्या पक्क्या जागेची मुलाखत होती. पदवी हातात असेल तरच आत बसू देणार होते. हे सगळं गाइड सरांनी मला चहाच्या एका कपात सांगितलं, आणि वर "तुमचा रिपोर्ट आला तवाच आमी निश्चिंत झालो" असंही सांगितलं.

परीक्षेआधी उमेदवाराच्या घरी जेवणं हे नियमात बसत नाही. आमच्याकडे परीक्षकाला आधी परीक्षा, मग जेवण. इथे जेवण आधी. मी तसं म्हणून पाहिलं. गाइड सरांना त्यातला प्रश्नच कळला नाही.

दुपारी मी प्रश्न काढायला बसले. खुल्या परीक्षेला घरची मंडळी येतात, म्हणून एक तरी प्रश्न त्यांना ऐकता येईल असा साधा काढायचा, ही माझी जुनी सवय. त्यासाठी प्रबंध काय होता ते थोडक्यात सांगते. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे काही नाही.

ज्या संचात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतो त्याला वलय म्हणतात. पूर्ण संख्या हे आपलं घरचं वलय. मॉड्यूल म्हणजे अशा वस्तूंचा साठा, की ज्यांची आपसात बेरीज होते, वलयातल्या संख्येने त्यांना गुणताही येतं, पण वस्तूला वस्तूने गुणता येत नाही. आता एक संख्या आणि एक वस्तू अशी जोडी बांधायची, आणि वस्तू गुणिले वस्तू शून्य असं ठरवून टाकायचं. की त्या जोड्यांचंच एक नवं वलय तयार होतं. ज्योतीचा प्रबंध या बांधणीवर होता. नव्या वलयात काही जोड्यांचे असे गट असतात, की त्यातल्या जोडीला कशानेही गुणा, ती गटाबाहेर जात नाही. त्यांना आयडियल म्हणतात. प्रबंधातला लेमा तीन-दोन, म्हणजे पुढच्या प्रमेयांच्या पायाशी घातलेलं छोटं विधान, असं सांगत होता: कुठलाही आयडियल घ्या, त्यातला संख्यांचा भाग आणि वस्तूंचा भाग वेगवेगळा काढता येतो. सिद्धता एका ओळीची होती. 'हे उघड आहे.'

मी सोपं उदाहरण घेतलं. संख्याही पूर्ण संख्या, वस्तूही पूर्ण संख्याच. जोडी घेतली (२, १), आणि गट म्हणून तिच्या सगळ्या पटी. तिला (र, म) ने गुणलं की पहिल्या घरात २र येतात आणि दुसऱ्या घरात २म + र. भाग वेगळे काढता येत असतील तर (२, ०) ही जोडी गटात सापडायला हवी. पहिल्या घरात २ हवे, म्हणून र एक. मग दुसऱ्या घरात २म + १. ही संख्या विषम. ती शून्य कशी होणार?

नाहीच होणार. लेमा चुकीचा होता, आणि चौथं प्रकरण सगळं त्यावर उभं होतं.

मी पुन्हा गुणाकार केला. मग खिडकी उघडली, बंद केली, आणि गाइड सरांनी ठेवलेला गूळ खाल्ला. चूक ज्योतीची होती, पण पदवीस पात्र म्हणून सही माझी होती. आमच्या धंद्यातला हा खास आमचाच दोष आहे: प्रमेयं आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासतो, आणि 'हे उघड आहे' दिसलं की पान उलटतो.

दारव्हा, मंगळवार

गाइड सरांची गाडी सकाळी सुरूच होईना, म्हणून मी काळीपिवळी जीपने गेले. ज्या जीपमध्ये नऊ माणसं बसू शकतात त्यात आम्ही चौदा होतो. माझी पिशवी मेथीच्या गाठोड्याखाली गेली आणि त्या पिशवीत प्रबंध. शेजारच्या बाईंनी माझी चुळबुळ पाहिली. "काय हाय बाई पिशवीत? सोनं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गणिताचं पुस्तक. "मंग कोण नेते त्याले," त्या म्हणाल्या आणि निर्धास्त झाल्या.

दारव्ह्याच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. वर लालभडक रस्सा ओतून देतात. आम्हा कोल्हापूरकरांना तिखटाचा गर्व असतो, तो तिथे उतरला. आमचं तिखट आधी वर्दी देऊन येतं. इथलं दोन घास गोड बोलतं आणि मग डोळ्यांतून पाणी काढतं.

ज्योती स्कूटी घेऊन न्यायला आली. चाळिशीची, सडपातळ, कपाळावर छोटी टिकली, बोलणं जपून. माझ्याशी ती छापील मराठीत बोलत होती आणि फोनवर आईशी वऱ्हाडीत. "मी येतो, माय, मॅडमले घेऊन येतो," ती म्हणाली. इकडे बायकाही 'येतो' म्हणतात, ते मला फार आवडलं. माझ्याकडे मात्र ती सरळ पाहत नव्हती. परीक्षेची धास्ती असेल असं मी समजले.

माहेरचं शेत रस्त्यापासून आत होतं. कापसाची आठ तासं, म्हणजे ओळी, आणि तुरीचं एक, पुन्हा आठ आणि एक, अशी लावणी. पायवाट कपाशीतून होती. वाळलेल्या बोंडांनी माझी साडी इतक्या ठिकाणी धरली, की शेवटी ज्योतीची आई पुढे आली आणि एकेक टोक सोडवत मला बांधापर्यंत घेऊन गेली.

रोडगे म्हणजे काय ते पश्चिमेकडच्या वाचकांसाठी सांगते. कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, वरची राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची तिखट भाजी आणि वरण. आमच्याकडे पाहुण्याला वाढायचं ताट घरात सजवतात. इथे पाहुण्याला बांधावर बसवून हातात गरम गोळा देतात, आणि तो फोडताना बोटं भाजली की सगळे आनंदाने हसतात. माझी दोनदा भाजली. दोन रोडग्यांनंतर मी हात आखडला, तर आईंनी तिसरा न विचारता फोडून ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "बाई, आमच्या ज्योतीचं काम समदं बराबर हाय नं?"

ज्योती भाजीच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, बघत होती. मी म्हटलं, "मेहनत फार केली आहे तिने." हे उत्तर नव्हतं. आई समाधानाने उठल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणानंतर आम्ही दोघी विहिरीच्या बाजूला गेलो. मी शब्द जुळवत होते. "ज्योती, तो लेमा तीन-दोन," एवढंच म्हणाले.

"दोन कॉमा एक?" ती म्हणाली.

जोडी मी उच्चारलीही नव्हती. तिची छापील मराठी तिथेच संपली.

"दोन महिने झाले, मॅडम. पोरींले शिकवता शिकवता सहज घेऊन पाह्यलं, तं जमेच ना. गाइड सरले दाखवलं. सर म्हणे, दोन्ही परीक्षकांनी पास केलं, आता कायले उकरून राह्यली?"

"आणि तुम्ही त्यांचं ऐकलंत?"

"त्यायचं नाई. तुमचं ऐकलं." ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहत होती. "'लेमा तीन-दोनची सिद्धता थोडक्यात आणि नेमकी आहे.' तुमच्या रिपोर्टातलं वाक्य हाय. मले पाठ हाय. म्हटलं, एवढी मोठी बाई नेमकी हाय म्हंते, तं माझाच गुणाकार चुकत असन. वीस खेपा केला. दर खेपी तेच. मंग वाटाले लागलं, मले गुणाकारच समजला नसन. वर्गात फळ्यापाशी उभी राह्यली का हात थांबे."

मला लाज वाटली. ती शब्दांत कशी सांगू ते कळत नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं ते अहवालाचं पान भरावं म्हणून.

"मी तो लेमा वाचलाच नव्हता," मी म्हटलं. "वरून गेले."

"नाई वाचला?"

"नाही."

"मंग नेमकी हाय असं कसं लिव्हलं?"

मी साडीला चिकटलेलं एक बोंड काढायला लागले. मग पिशवीतून एक वही काढून तिने माझ्या हातात दिली. लेमा वाचवायचा रस्ता तिने शोधून ठेवला होता. वस्तूंचा साठा असा घ्यायचा की त्यातल्या प्रत्येक वस्तूला शून्य सोडून कुठल्याही संख्येने भाग जातो. वस्तू म्हणून पूर्ण संख्यांऐवजी अपूर्णांक घ्या. मग २म + १ शून्य व्हायला म म्हणजे उणे अर्धा चालतो आणि गाडी पुढे जाते. मी उभ्याउभ्या चार पानं वाचली. या वेळी ओळ न् ओळ. बरोबर होतं. पण लेमा आता सगळीकडे लागू नव्हता. चौथ्या प्रकरणातल्या चार प्रमेयांपैकी तीन तरत होती. शेवटचं पडत होतं, आणि नेमकं तेच एका नियतकालिकात छापून आलेलं होतं.

"उद्या विचारलं नाही तर पदवी नक्की आहे," मी म्हटलं. "विचारलं तर काय होईल ते मला ठाऊक नाही. अध्यक्ष दुसरे आहेत. प्रबंध परत पाठवला तर मुलाखत जाईल."

तिकडून आईंनी चहाला हाक मारली. ज्योतीने वही परत घेतली. चार पावलं गेल्यावर ती मागे न वळता म्हणाली, "विचारा तुमी. पण पयले तुमचं सांगा, मंग माझं."

यवतमाळ, बुधवार

सभागृहात पन्नासेक माणसं होती. त्यातली वीस तरी ज्योतीच्या घरची, दोन जीपा करून आलेली. आई पहिल्या रांगेत, अंगावर ठेवणीतलं लुगडं. आमच्याकडे सत्कार निकालानंतर होतो. इथे आधी. गाइड सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माझ्या विद्वत्तेवर दहा मिनिटं बोलले. एकदा शाल घेतली की माणसाला वाईट बोलता येत नाही, हा यामागचा हिशेब कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. पण परिणाम तोच होतो.

ज्योतीने मांडणी केली. लेमा तीन-दोनचं पान पडद्यावर आलं तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. नारळ कुठे ठेवावा कळेना, म्हणून तो हातातच राहिला. मी म्हटलं, "पुढे जाण्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. या लेमाची सिद्धता नेमकी आहे असं मी अहवालात लिहिलं. मी ती वाचली नव्हती. न वाचता लिहिलं. त्या वाक्यामुळे यांनी स्वतःच्या बरोबर गुणाकारावर दोन महिने संशय घेतला. आता यांच्या वहीत काय आहे ते यांनी फळ्यावर लिहावं."

विद्यापीठाकडून आलेले अध्यक्ष ताठ बसले. गाइड सर म्हणाले, "मॅडम, ते टायपिंगचं असन."

"टायपिंगचं नाही, सर," ज्योती म्हणाली. खडू घेतला आणि (२, १) लिहिलं. पहिल्या दोन ओळी लिहिताना तिचा हात अडखळत होता. तिसरीपासून सुटला. तिने स्वतःचा लेमा सगळ्यांसमोर पाडला आणि मग नवी अट घालून पुन्हा उभा केला. मागे कुजबुज सुरू झाली.

"चुकलं म्हंते का थे?" तिच्या आईंनी विचारलं.

"चुकलं होतं," शेजारची बाई म्हणाली, "आता सुधरून राह्यली."

अध्यक्षांनी पाऊण तास प्रश्न विचारले. उपचार कधीच संपला होता. एका ठिकाणी ती अडली. "हे मले आता येत नाई," असं म्हणाली आणि पुढे गेली. शेवटचं प्रमेय तिने स्वतःच्या हाताने पुसलं. पुसताना ती थोडी थांबली होती. ते प्रमेय तिला आवडायचं असणार.

निकालासाठी आम्ही तिघे शेजारच्या खोलीत गेलो. गाइड सर माझ्याशी बोलत नव्हते, आणि मी निघेपर्यंत बोलले नाहीत. त्यांच्या जागी मीही बोलले नसते. अध्यक्ष म्हणाले, "बाई, एकदा पात्र म्हणालात. आता काय म्हणता?"

मी म्हटलं, "चौथं प्रकरण दुरुस्त करून जोडायचं, शेवटचं प्रमेय वगळायचं, छापलेला लेख तिने मागे घ्यायचा. एवढं केल्यावर जे उरतं ते पदवीला पुरतं. याहून कमी असलेल्या प्रबंधांवर मी सह्या केल्या आहेत."

"तुमच्या सह्यांचं आज काही बोलू नका," अध्यक्ष म्हणाले. ते त्यांचं रास्तच होतं. मग त्यांनी ज्योतीची वही मागवली, अर्धा तास स्वतः वाचली आणि म्हणाले, "ठीक आहे. नवा अहवाल इथेच बसून लिहा. दुरुस्त पानं शनिवारच्या आत जमा झाली पाहिजेत."

बाहेर निकाल सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. आईंनी माझा हात धरला. पेढ्यांचे डबे उघडले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून अहवाल लिहिला. दीड पान. सही केली आणि कागद लिफाफ्यात घालणार, तर ज्योती समोर उभी होती. नातेवाईक तिला फोटोसाठी हाका मारत होते.

"मॅडम, पाहू द्या," ती म्हणाली.

परीक्षकाचा अहवाल उमेदवाराने आधी पाहायचा नसतो. मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि खिडकीकडे तोंड केलं. मी कागद दिला.

ती खुर्ची ओढून बसली. पेन्सिल काढून ओळीखाली धरत एकेक वाक्य वाचू लागली. माझी प्रस्तावना वाचली, मी स्वतःबद्दल लिहिलेलं वाचलं. दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"इथं तुमी नुसतं 'वलय' लिव्हलं," ती म्हणाली. "पण कोणतंबी वलय नाई चालत. शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार शून्य होत असन, तं आपल्या अटीत शून्य सोडून एकबी वस्तू बसत नाई. लेमा पोकळ होते."

मी पाहिलं. तिचं बरोबर होतं. सही केलेल्या कागदावर मी पुन्हा तेच केलं होतं. ती अट मला इतकी उघड वाटली होती, की लिहायची राहिली.

मी वाक्य खोडलं, नीट लिहिलं, बाजूला पुन्हा सही केली आणि कागद लिफाफ्यात घालायला घेतला. तिने हात पुढे केला, कागद परत मागून घेतला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.